जुन्या सायकलींचा जीर्णोद्धार

माळ्यावर, गोठ्यात किंवा भंगारात पडून राहिलेली जुन्या घडणीची सायकल शोधून काढणे, तिचे साल आणि मूळ घडण ओळखणे, तिला शोभतील असे सुटे भाग मिळवणे आणि तिला पुन्हा चालती करणे, या सगळ्याला मिळून जुन्या सायकलींचा जीर्णोद्धार म्हणता येईल. महाराष्ट्रात हा छंद मुख्यतः काळ्या रोडस्टर सायकलींभोवती फिरतो : २८ इंची चाके, रॉडचे ब्रेक, बंद चेनकव्हर, चामड्याची सीट आणि मडगार्डवर सोनेरी रेघ. जुनी सायकल रंगवून चकाचक करणे आणि जुनी सायकल राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे विचार दुसरीचा आहे.

कोणत्या सायकली मिळतात

आजच्या सायकलीचा आराखडा १८८५ च्या सुमारास कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीच्या ‘रोव्हर’ सायकलीने पक्का केला आणि १८८८ मध्ये डनलॉपच्या हवेच्या टायरने ती सुखाची झाली. भारतात स्वातंत्र्यापूर्वी आलेल्या सायकलींत नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए., हर्क्युलस आणि फिलिप्स ही नावे सर्वांत जास्त दिसतात. हंबर, रज आणि सनबीम त्या मानाने कमी. देशी कारखानदारीत १९३९ ची मुंबईतली हिंद सायकल्स महत्त्वाची आहे. कारखाना वरळीला होता. पुढे मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला ॲटलास आणि लुधियानाला हिरो व एव्हन उभ्या राहिल्या. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले.

त्यामुळे ‘हर्क्युलस’ किंवा ‘रॅले’ एवढे नाव वाचून सायकल विलायती ठरत नाही. टी.आय.ची हर्क्युलस आणि सेन-रॅलेची रॅले या रीतसर परवान्याने भारतात घडलेल्या सायकली आहेत आणि आपल्या परीने त्याही जपण्याजोग्या आहेत. उलट हिंद सायकलकडे छांदिष्टांचे फार दुर्लक्ष झाले. मुंबईत तयार झालेली आणि गावोगावच्या शिक्षकांनी, तलाठ्यांनी, दूधवाल्यांनी वापरलेली ही सायकल विलायती सायकलीइतकीच, किंबहुना जास्त आस्थेने जपायला हवी.

साल आणि मूळ ओळखणे

पहिली नजर हँडलखालच्या बिल्ल्याकडे जाते, पण त्यावर विसंबू नये. बिल्ला दोन रिबिटांवर बसतो, सहज बदलता येतो आणि नव्याने ठोकलेले पितळी बिल्ले बाजारात भरपूर आहेत. त्यापेक्षा पायडलाजवळचे दातेरी चक्र खरे बोलते. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी कोरलेली असतात, हंबरच्या चक्रात धावणारी माणसे, रजच्या चक्रात हाताचा पंजा, तर बी.एस.ए.च्या चक्रात तीच तीन अक्षरे. बी.एस.ए. मूळची बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. हंबर आणखी एका खुणेने लांबूनही ओळखू येते : तिच्या पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंना जोड-नळ्या असतात.

मुलाम्यावरूनही काळ कळतो. साधारण १९३० पूर्वीच्या सायकलींना निकेल असे, त्यानंतर क्रोम आले. निकेलची झळाळी किंचित पिवळसर आणि ऊबदार असते, क्रोमची निळसर. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुलाम्याच्या धातूची टंचाई असल्याने अनेक सायकलींचे हँडल आणि रिमही काळ्या रंगाचे आले. अशी सायकल मिळाल्यावर ‘कुणीतरी क्रोमवर काळा रंग फासलाय’ असे समजून तो खरवडणारे लोक आहेत. असे करून ते सायकलीच्या इतिहासातले एक पानच फाडून टाकतात.

मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, तीन गिअरचे स्टर्मी-आर्चर यंत्र असेल तर काम सोपे होते. १९०२ मध्ये नॉटिंगहॅमला सुरू झालेल्या या कंपनीचा ‘ए.डब्ल्यू.’ हब १९३६ पासून बनू लागला आणि त्याच्या कवचावर सालाचे आकडे आणि महिना ठोकलेले असतात. हबवरचा मळ रॉकेलच्या फडक्याने पुसला की ‘५२’ आणि बाजूला ‘६’ असे आकडे उमटतात. म्हणजे जून १९५२. अर्थात ते साल हबचे. चाक नंतर बदललेले असू शकते, म्हणून फ्रेम, दातेरी चक्र, सीट आणि हब या सगळ्यांची साक्ष जुळवून मगच निष्कर्ष काढावा. फ्रेमचा नंबर सीटच्या नळीजवळ किंवा खाली क्रँकच्या, म्हणजे पायडलाच्या दांडीच्या, घरावर असतो. तोही लिहून ठेवावा.

एक खूण मात्र आपल्याकडचीच. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि पावतीसोबत धातूचा छोटा बिल्ला देत. तो वर्षाच्या आकड्यासह सायकलीला अडकवावा लागे. सायकल कोणत्या गावी, कोणत्या वर्षी रस्त्यावर होती याचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही. विक्रेत्याची पट्टी आणि तासावर सायकल देणाऱ्या दुकानाने मडगार्डवर रंगवलेला नंबर यांचेही तसेच. या गोष्टी आधी फोटोत घ्याव्यात, मग पान्याला हात लावावा.

शोध

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार ही सुट्या भागांची ठरलेली ठिकाणे. ल्यूकसचा दिवा, मिलरचा डायनॅमो, ब्रूक्सच्या सीटचा सांगाडा, पितळी घंटी अशा वस्तू तिथल्या ढिगाऱ्यांत सापडतात. अख्खी सायकल मात्र बाजारापेक्षा घरात मिळते. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याचा काळ होता; अशी सायकल घरातला माणूस गेल्यावरही कुणी लवकर मोडीत घालत नाही. वाडा पाडायला काढला की ती माळ्यावरून खाली येते आणि मग आठवड्याभरात भंगारवाल्याकडे जाते. शोधणाऱ्याने गाठायचा तो हा आठवडा. गोव्यात पाठीमागे टोपली बांधून, भोंगा वाजवत पाव विकणाऱ्या पोदेरांच्या सायकली किंवा सायकलीवरच दगड बसवून धार लावणाऱ्यांच्या सायकली याही जुन्या भागांच्या खाणी आहेत. पण ज्या सायकलीवर कुणाचे पोट चालते तिचा भाग मागताना बदली भाग आणि योग्य पैसे आधी पुढे करावेत.

तिसरे ठिकाण म्हणजे पेठेतले किंवा तालुक्याच्या गावातले म्हाताऱ्या मेस्त्रीचे दुकान. तिथे फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात चाळीस वर्षांपूर्वीचे कोन, कप (छर्रे ज्यांत फिरतात ते भाग) आणि कॉटर ग्रीसमध्ये बुडालेले असतात. मेस्त्री नुसता भाग देत नाही, तो कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही हेही सांगतो, आणि ते भागाइतकेच मोलाचे असते.

उघडणे आणि जोडणे

सायकल पूर्ण खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बांधण्याला मूळ शब्द ओव्हरहॉलिंग. मराठी दुकानांच्या पाट्यांवर तो ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणून रुजला आणि कामाचे वर्णन पाहता तो चुकीचाही वाटत नाही. पंचवीस-तीस वर्षे बंद असलेल्या सायकलीला आधी तेल द्यावे आणि दोन दिवस तिच्याकडे पाहू नये. घाईत लावलेला पाना नटाचे कोपरे खातो.

सर्वांत जास्त नुकसान कॉटर काढताना होते. कॉटर म्हणजे क्रँकला एक्सलवर पक्का धरणारी, एका बाजूने तिरकी घासलेली खुंटी. नट काढून तिच्या टोकावर थेट हातोडा मारला की आटे पसरतात, खुंटी वाकते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर उरत नाही. बरोबर पद्धत अशी : क्रँकच्या खाली, कॉटरच्या डोक्याभोवती बसेल अशा लोखंडी नळीच्या तुकड्याचा जमिनीपर्यंत भक्कम टेका द्यावा, नट टोकाच्या पातळीवर ठेवावा आणि जड हातोड्याचा एकच खणखणीत घाव घालावा. हलक्या हातोड्याचे वीस घाव काम बिघडवतात. नवे कॉटर बसवताना दोन्हींची तोंडे उलट दिशांना असावीत आणि तिरकी बाजू कानशीने सारखी घासलेली असावी. नाहीतर दोन्ही पायडली एका रेषेत येत नाहीत. कॉटर ढिला राहिला तर प्रत्येक फेऱ्याला ‘कट्’ असा आवाज येतो. तो दुर्लक्षून चालवले की एक्सलवरची खाच झिजते, आणि मग एक्सलच बदलावा लागतो.

आट्यांची दिशा नवख्यांना फसवते. डावी पायडल उलट्या आट्यांची असते. उजवीकडचा क्रँक-कपही (क्रँकच्या घरात आट्यांवर बसणारी छर्र्यांची वाटी) उलटा फिरतो. त्याहून अवघड अडचण रॅलेची. इतर इंग्लिश सायकलींच्या आणि आपल्या देशी रोडस्टरच्या क्रँक-कपाला एका इंचात २४ आटे असतात, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेला २६. बाजारातला नवा कप पहिले दोन फेरे छान बसतो, मग अडतो. तिथे जोर लावला की फ्रेमचे आटे कायमचे जातात. रॅलेचा कप म्हणूनच जपून काढावा, साफ करून तोच परत वापरावा. छर्रे मात्र प्रत्येक वेळी नवे घालावेत, ते स्वस्त असतात : मागच्या हबला सहसा एका बाजूस पाव इंची नऊ, पुढच्याला ३/१६ इंची दहा.

चाकांच्या बाबतीत भारतातला छांदिष्ट भाग्यवान आहे. पुढे ३२ आणि मागे ४० तारांची इंग्लिश रीत आपल्या साध्या रोडस्टरने टिकवली. २८ × १½ चे टायर, रॉड-ब्रेकचे रबर आणि ४० भोकांची रिम आजही जिल्ह्याच्या गावी मिळते. इंग्लंडमधल्या जुन्या रोडस्टरच्या चाकांवरही पुष्कळदा भारतीय टायर दिसतात. फक्त नुसते ‘२८ इंची’ म्हणून मागू नये. या रोडस्टर रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिमी असतो, आणि २८ या आकड्याखाली विकला जाणारा आधुनिक टायर ६२२ मिमीचा. चाकाचा आऊट काढणे, म्हणजे तारा ताणून वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, हे काम मात्र ज्याचा हात बसला आहे त्यालाच द्यावे.

बंद पडलेला तीन गिअरचा हब खोलण्याची घाई करू नये. त्याच्या कवचावर तेलाचे छोटे झाकण असते. त्यातून शिलाई मशिनचे पातळ तेल सोडावे, चाक फिरवत राहावे. पुष्कळदा एवढ्यानेच आतली दातेरी चाके सुटी होतात आणि ती ओळखीची टिकटिक ऐकू येते. या हबला दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते, तिथे पायडल मोकळी फिरते. केबलचा ताण नीट नसला तर चढावर उभे राहून जोर देताना स्वार नेमका त्या जागी सापडतो आणि दांडीवर आपटतो. म्हणून केबल जुळवल्याशिवाय अशी सायकल कुणाच्या हाती देऊ नये.

रंगाचा प्रश्न

भट्टीत भाजलेला मूळ काळा रंग, त्यावरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ आणि नळीवरची ट्रान्सफरची (कागदावरून उतरवलेली) अक्षरे एकदा गेली की गेली. पावडर कोटिंगचा जाड थर फ्रेमच्या जोडांवरची नाजूक कातरकाम-कड बुजवून टाकतो. म्हणून जिथे अर्धा-अधिक रंग शिल्लक आहे तिथे तो राखावा, हे आग्रहाने सांगायला हवे. मळ सौम्य साबणाच्या पाण्याने काढावा. थिनर आणि पेट्रोल ट्रान्सफर विरघळवतात. सुट्या, रंग नसलेल्या भागांचा गंज पाण्यात विरघळवलेल्या ऑक्झॅलिक आम्लात सुटतो. ते विषारी आहे. हातमोजे घालावेत, भांडे स्वयंपाकघरातले नसावे. निकेलला क्रोमचे खरखरीत पॉलिश लावू नये, थर उडून खालचे तांबे किंवा लोखंड दिसू लागते. पितळी घंटी आणि दिव्याला घरची चिंच पुरते.

जिथे रंग उरलाच नाही, किंवा आधीच कुणी तीनदा रंगवून ठेवले आहे, तिथे नव्याने रंगवण्यात काही गैर नाही. सोनेरी रेघ मात्र स्टिकरने करू नये. लांब केसांच्या कुंचल्याने एका दमात रेघ ओढणारे पाटीरंगारी अजून आहेत, आणि त्यांच्या हातची किंचित थरथरणारी रेघ यंत्राच्या रेघेपेक्षा जुन्या सायकलीला शोभते.

चामड्याची सीट

ब्रूक्सच्या सीटचे चामडे सांगाड्यावर रिबिटांनी ताणलेले असते. वाळून कडक झालेल्या चामड्याला खालच्या बाजूने थोडे तेल किंवा चामड्याचे मेण चोळावे. भरपूर तेल पाजले तर ते झोळीसारखे लोंबते आणि मग पुढच्या बोल्टने कितीही ताणले तरी वर येत नाही. फाटलेल्या सीटला नवे चामडे चढवणारा कारागीर मिळाला तर जुन्या रिबिटा फेकू नयेत.

दिवे आणि संग्रह

रात्री बिनदिव्याची सायकल पोलीस अडवत, त्यामुळे दिवा हा सायकलीचा आवश्यक भाग होता. कार्बाइडच्या दिव्यात वरच्या टाकीतून पाणी थेंबथेंब खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडते आणि निघणारा ॲसिटिलीन वायू पुढच्या बारीक तोटीतून पांढराशुभ्र जळतो. जुना दिवा पेटवून पाहायचा असेल तर आधी तोटी मोकळी आहे ना आणि टाकीच्या चकत्या शाबूत आहेत ना हे पाहावे, आणि तो उघड्यावरच पेटवावा. असे दिवे, घडीच्या लष्करी सायकली आणि असंख्य सुटे भाग पुण्यात कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल्स या खासगी संग्रहालयात पाहता येतात. आपल्या सायकलीला नेमका कोणता भाग हवा हे ठरवण्याआधी तिथे एक दुपार घालवणे फायद्याचे आहे.

सांभाळ

जीर्णोद्धार झालेली सायकल नुसती उभी ठेवली तर टायरला एकाच जागी तडे जातात, आणि वॉल्वट्यूबचे रबर चिकटून हवा धरत नाही. आठवड्यातून एकदा ती चालवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते. तेव्हा सीटवर प्लास्टिक बांधण्याऐवजी कोरडे सुती फडके टाकावे. मुलाम्याच्या भागांवर जूनच्या पहिल्या आठवड्यात तेलाचा हलका हात फिरवावा आणि दिवाळीत तो पुसून टाकावा.