बिबट्याच्या बछड्यांचे पुनर्मीलन

उसाच्या फडात आढळलेली बिबट्याची पिल्ले सापडल्या जागीच परत ठेवून मादीच्या स्वाधीन करण्याची पद्धत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात (जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर तालुके) ती विशेष रुळली आहे.

बिबट्या उसात केव्हा आला याविषयी एकमत नाही. एका मतानुसार कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे या धरणांमुळे अधिवास बुडाला, कालव्यांमागोमाग ऊस पसरला आणि बिबटे सह्याद्रीतून खाली उतरले. दुसऱ्या मतानुसार ते शेतीच्या कडेने पूर्वीपासूनच वावरत होते; उसाने त्यांना आडोसा दिला, तर गावातली कुत्री, शेळ्या व डुकरे यांनी खाद्य. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरातील अभ्यासात (प्रसिद्धी 2013) दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात दर 100 चौ. किमी. मागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हा वाद केवळ अभ्यासकांपुरता नाही. उसातच जन्मलेल्या पिल्लाचे घर ऊसच असेल, तर ‘त्याला जंगलात सोडा’ ही मागणी मुळातच चुकीची ठरते. प्रौढ बिबटे पकडून दूर सोडण्याचा अनुभवही सावध करणारा आहे. 2001 च्या सुमारास जुन्नरमध्ये अशी मोहीम सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी 4 वरून 17 वर गेल्याची नोंद आहे.

मादीला साधारणतः 90 ते 105 दिवसांच्या गर्भकाळानंतर बहुधा 2-3 पिल्ले होतात. त्यांचे डोळे सुमारे दहा दिवसांनी उघडतात. पिल्ले दीड ते दोन वर्षांपर्यंत आईबरोबर राहतात. शिकारीला जाताना ती त्यांना सरीत लपवून ठेवते, म्हणून एकटे दिसलेले पिल्लू पोरके असतेच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कोयता चालू असताना ती उघडी पडतात. रानमांजर व वाघाटी (ठिपक्यांची छोटी रानटी मांजर) यांची पिल्लेही बछडे समजून उचलली जातात; त्यांनाही हाच न्याय लावावा लागतो.

पिल्लू दिसताच तोड थांबवून गर्दी हटवावी आणि वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवावे. मादी जवळपासच असण्याचा संभव असतो. गाईचे दूध पाजू नये, त्याने हगवण लागते. पशुवैद्य पिल्लाची तपासणी करतात, गोचिड्या काढतात आणि गरज असल्यास शरीरातील पाणी भरून काढतात. दिवस मावळताना त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पिल्लू ठेवून स्वयंचलित कॅमेरे लावले जातात व माणसे दूर जातात. मादी क्रेट उलथवून पिल्लाला तोंडात धरून नेते, असे चित्रणांत वारंवार दिसते. माणसाचा हात लागला की मादी पिल्लू टाकून देते, हा सर्वदूर पसरलेला समज या चित्रणांपुढे टिकत नाही. तरीही हाताळणी कमीत कमी असावी. जागा बदलू नये, कारण मादी पिल्लाला प्रथम तिथेच शोधते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. सापडलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो व कलम 39 प्रमाणे 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. कळवळ्याने का होईना, पिल्लू घरी ठेवणे गुन्हाच आहे.

पहिल्या रात्री मादी न आल्यास पुढील रात्रींही प्रयत्न केला जातो. तिचा मृत्यू झाला असल्यास किंवा ती आलीच नाही तर पिल्लाची रवानगी जुन्नरजवळील माणिकडोह बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी होते. तिथे माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू आईकडून मिळणारे शिकारीचे व माणसापासून दूर राहण्याचे शिक्षण गमावते, आणि बहुधा आयुष्यभर पिंजऱ्यातच राहते.