वडिलांची जुनी मोटारसायकल: आधी नावावर करा, मग रंगवा

वडिलांची राजदूत, येझ्दी किंवा आरएक्स १०० गॅरेजमध्ये सुटी करण्याआधी आरटीओत जाऊन या. कामाचा हा क्रम फार महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना मोटार वाहन निरीक्षक गाडी समोर उभी करून आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, नोंदींशी ताडून बघतो. रंग वेगळा, चेसिस नंबर पावडर कोटिंगखाली दडलेला, इंजिन भलतंच असं दिसलं की अर्ज तिथेच अडतो. मग खर्च करून केलेलं काम मोडायची वेळ येते.

वडील हयात असतील तर काम सोपं आहे. नमुना (फॉर्म) २९ आणि ३० भरायचे, त्यावर दोघांच्या सह्या, आणि गाडी मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर. वडील गेले असतील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५६ वा नियम लागू होतो. मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं की मालक गेले आणि गाडी आता मी वापरणार आहे. तसं कळवलं की तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मुदत टळून गेली असेल तरी अर्ज करा. उशिराचा भुर्दंड पडतो, पण हक्क जात नाही.

सोबत मूळ आरसी, वडिलांचा मृत्यूदाखला, चालू विमा, पीयूसी, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरवर कागद धरून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा) जोडा. वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं नोटरी केलेलं ना-हरकत प्रतिज्ञापत्रही लागतं, आणि घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. आई, भाऊ आणि बहिणी हे सगळे वारस आहेत. बहीण लग्न होऊन सासरी गेली म्हणून तिची सही वगळता येत नाही. एक भाऊ मुंबईला, एक पुण्याला, अशी आपल्या कोकणातली घरं. म्हणून गणपतीत सगळे गावी असतात तेव्हाच प्रतिज्ञापत्र करून ठेवलेलं बरं. पैशांपेक्षा मनाचा प्रश्न मोठा असतो. त्या गाडीवर प्रत्येकाचा जीव असतो, तेव्हा आधी बोलून घ्या.

आरसी सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागायची. गाडी कर्जावर घेतली असेल आणि हप्ते कधीच फिटले असले, तरी आरसीवर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा तसाच राहिलेला असू शकतो. तो उतरवायला नमुना ३५ आणि त्या संस्थेचा दाखला लागतो. संस्था बंद पडायच्या किंवा दुसरीत विलीन व्हायच्या आत हा दाखला मिळवा.

कोकणात आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. चाकरमान्यांनी गाडी मुंबईत घेतली, निवृत्त होऊन ती गावी आणली, पण पत्ता मुंबईचाच राहिला. अशा वेळी मुंबईच्या कार्यालयाकडून नमुना २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन रत्नागिरी, ओरोस किंवा पेणच्या कार्यालयात नोंद आणावी लागते. गाडी राज्यातच असल्याने नंबर तोच राहतो, म्हणजे वडिलांचा एमएच ०१ किंवा ०२ जात नाही. फार जुन्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते. परिवहन पोर्टलवर नंबर टाकून काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. कार्यालयात जुनी आरसी दाखवून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्या. ती झाल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही.

दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर वेळी पाच वर्षांची. ‘पंधरा वर्षं झाली, गाडी बाद’ हा नियम दिल्ली परिसरातला आहे. आपल्याकडे नमुना २५, पर्यावरण कर आणि तपासणी यांवर नूतनीकरण होतं. शुल्काचा आकडा अर्ज भरताना पोर्टलवरच दिसतो.

आता गाडी सजवण्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेली आणि आरसीवर असलेली मूळ रचना बदलायची नाही. बदलली तर कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चेसिस कापणं, मागची फ्रेम आखूड करणं, दुसऱ्या मॉडेलचं इंजिन बसवणं हे सगळं त्यात येतं. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावला तर ध्वनिप्रदूषणाची कारवाई वेगळी. रंग बदलायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि नंतर आरसीवर नोंद करून घ्या. खराब इंजिनाच्या जागी त्याच प्रकारचं इंजिन घालायचं तर आधी मंजुरी हवी आणि विकत घेतल्याचं बिल हवं. बिल नसलेलं इंजिन उद्या चोरीचं निघालं तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

कॅफे रेसरच्या, म्हणजे जुनी गाडी सुटसुटीत रेसिंग थाटाची करण्याच्या, हौसेत लोक साडी गार्ड आणि मागच्याने धरायची पट्टी काढून टाकतात. नियम १२३ प्रमाणे दोन्ही बंधनकारक आहेत. घरातल्या बायका मागे बसतात. नियम नसता तरी ते काढू नयेत असं मला वाटतं.

खाऱ्या हवेने आपल्याकडे चेसिस लवकर गंजतं, त्यामुळे सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार माऱ्याने गंज आणि रंग काढणं) करावंसं वाटणं साहजिक आहे. पण त्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो काढा, नंबरवर जाड टेप लावा आणि त्या जागी कोटिंग नको असं मिस्त्रीला बजावून सांगा. नंबर आधीच गंजून पुसट झाला असेल तर तो स्वतः ठोकून घेऊ नका. आरटीओच्या परवानगीनेच रीपंचिंग, म्हणजे नंबर पुन्हा कोरणं, होतं.

मालकाच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावचा विमा तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवरच चालतो. म्हणून नवी आरसी आली की विमा लगेच आपल्या नावावर करा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटही बुक करावी लागते. आरसीवरचा मोबाइल नंबर वडिलांचा असेल तर तो आधी बदला. आणि आरसीवर आपला वारसदार (नॉमिनी) नोंदवायची सोय २०२१ पासून आहे, ती याच फेरीत उरका.