५२ वजा २७ बरोबर ३५

उत्तर चुकलंय. योग्य उत्तर २५. वही तपासणारा फुली मारून पुढे जातो. पण त्याच मुलीने ८१ वजा ४६ चं उत्तर ४५ आणि ६३ वजा १८ चं ५५ लिहिलं असेल, तर जरा थांबायला हवं. ही धांदरट नाही. एकक असो की दशक, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा तिचा नियम आहे आणि तो ती शिस्तीने पाळते आहे. दशक सुटा करायचा असतो, हे तिच्या मनात बसलेलंच नाही.

१९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या चुकांचा असाच माग काढला. बऱ्याच चुका विस्कळीत नसतात, त्यांच्यामागे ठरावीक रीत असते, हे त्यांनी दाखवलं. रीत ओळखता आली की मूल पुढच्या उदाहरणात कुठे चुकेल, हे आधीच सांगता येतं.

पुढच्या उदाहरणाचं ठीक, पण पुढच्या वर्षांचं काय? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या साडेतीन हजारांहून जास्त आणि अमेरिकेतल्या सुमारे सहाशे मुलांची माहिती तपासली. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती समजले होते, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा आणि एकूण गणिताचा अंदाज बांधता येत होता. बुद्ध्यांक, घरचं उत्पन्न, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांच्यावरून इतका चांगला अंदाज येत नव्हता.

अपूर्णांकच का? १९७८ च्याच सुमाराला अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: १२/१३ अधिक ७/८ याचं उत्तर साधारण किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही संख्या जवळजवळ एक, म्हणून उत्तर २. ते सुमारे चौथाई मुलांनीच निवडलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडलं. १९ म्हणजे अंशांची बेरीज, २१ म्हणजे छेदांची. या मुलांना बेरीज छान येते. १२/१३ ही मिळून एकच संख्या आहे, हे मात्र त्यांना दिसत नाही. तिथे दोन संख्या एकावर एक ठेवल्यासारख्या वाटतात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे, कारण बीजगणितात अंक जाऊन अक्षरं येतात आणि 'क भागिले ३' हीसुद्धा एक राशी आहे असं मानूनच पुढे जावं लागतं.

बरोबरच्या चिन्हाचंही तेच. ८ + ४ = □ + ५ या चौकटीत अनेक मुलं ७ ऐवजी १२ लिहितात. 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिहा', असं त्यांनी धरलेलं असतं. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या असतात, ही गोष्ट या मुलांपर्यंत पोचणार कशी?

हे अंदाज मुलांच्या मोठ्या गटांबद्दलचे आहेत. कुणा एका मुलाच्या कपाळी ते चिकटवू नयेत. चुकीचा नियम सापडला तर तो बदलता येतो, पण मुळात तो सापडायला हवा. 'ज्यात अंक जास्त ती संख्या मोठी' असं मानणारा मुलगा ०.७५ आणि ०.४ मधून ०.७५ निवडतो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. त्याचा गैरसमज उघडा पडायला ०.३६ आणि ०.५ विचारावे लागतात.