मर्यादक अभिक्रियाकारक

रासायनिक अभिक्रियेत जो अभिक्रियाकारक सर्वांत आधी संपतो आणि त्यामुळे उत्पादित जास्तीत जास्त किती मिळेल हे ठरवतो, त्याला मर्यादक अभिक्रियाकारक म्हणतात. शिल्लक उरणारे ते अधिक्यातील अभिक्रियाकारक. मर्यादक कोणता हे पदार्थांच्या वजनावरून कळत नाही, कारण पदार्थांचा संयोग ग्रॅमच्या नव्हे, तर मोलच्या (मोल म्हणजे पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) ठरावीक प्रमाणात होतो.

रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी वापरली जाणारी थर्मिट अभिक्रिया याचे चांगले उदाहरण आहे. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. तीत फेरिक ऑक्साइडचा १ मोल आणि ॲल्युमिनिअमचे २ मोल यांपासून ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा १ मोल व वितळलेल्या लोहाचे २ मोल तयार होतात. समजा, ८०० ग्रॅम फेरिक ऑक्साइड आणि २४३ ग्रॅम ॲल्युमिनिअम घेतले. फेरिक ऑक्साइडच्या एका मोलचे वस्तुमान १६० ग्रॅम आणि ॲल्युमिनिअमचे २७ ग्रॅम धरल्यास हे अनुक्रमे ५ आणि ९ मोल होतात. येथे घाईने फेरिक ऑक्साइडलाच मर्यादक ठरवण्याचा मोह होतो, कारण त्याचे मोल कमी आहेत. मात्र ५ मोल ऑक्साइडला १० मोल ॲल्युमिनिअम लागते आणि हाताशी ९ मोलच आहे. म्हणून मोलसंख्या जास्त असूनही ॲल्युमिनिअमच मर्यादक ठरते. प्रत्येक मोलसंख्येला संतुलित समीकरणातील सहगुणकाने (त्या पदार्थापुढील आकड्याने; येथे १ व २) भागले, तरी ५ व ४.५ या भागाकारांतून हेच दिसते. लहान भागाकार ज्याचा, तो मर्यादक.

पुढील सर्व आकडेमोड ॲल्युमिनिअमवरूनच करावी लागते. ९ मोल ॲल्युमिनिअमपासून ९ मोल, म्हणजे ५०४ ग्रॅम लोह आणि ४.५ मोल, म्हणजे ४५९ ग्रॅम ॲल्युमिनिअम ऑक्साइड मिळते, तर फेरिक ऑक्साइडपैकी अर्धा मोल, म्हणजे ८० ग्रॅम, उरतो. या तिन्हींची बेरीज सुरुवातीच्या १,०४३ ग्रॅमइतकीच भरते. हा पडताळा क्षणाचा आहे, तरी तो सहसा कोणी घेत नाही.

गणनेतून आलेले ५०४ ग्रॅम लोह हे सैद्धांतिक उत्पादन होय. प्रत्यक्षात ४४१ ग्रॅम लोह हाती आले, तर उत्पादनाची टक्केवारी ८७.५ येते. या गणनेत मर्यादक पदार्थ पूर्णपणे संपतो असे गृहीत धरलेले असते. पण नेहमी तसे होत नाही: नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया बनवताना अभिक्रिया पूर्ण होण्याआधीच समतोलाला पोहोचते (अमोनिया बनण्याचा व विघटनाचा वेग सारखा होतो), दोन्ही वायू काही प्रमाणात उरतात आणि कारखान्यात ते पुन्हा संयंत्रात फिरवले जातात.