धातूंचे क्षरण

हवा, पाणी, आम्ले किंवा क्षार यांच्या संपर्कात धातूची पृष्ठभागापासून झीज होऊन त्याची ऑक्साइडे, कार्बोनेटे, सल्फाइडे यांसारखी संयुगे बनणे म्हणजे क्षरण. लोखंडाच्या बाबतीत त्याला गंजणे म्हणतात. तांब्यावर हिरवट थर चढतो, चांदी काळी पडते, प्रकार तोच. सोने, प्लॅटिनम असे थोडे धातू वगळता बाकीचे निसर्गात मुख्यतः संयुगांच्या रूपात सापडतात. भट्टीत ऊर्जा ओतून आपण ते सोडवून घेतो आणि संधी मिळताच ते परत फिरतात. लोखंडाचा गंज रासायनिकदृष्ट्या लोखंडाच्याच खनिजांच्या जवळचा असतो तो यामुळे.

गंज म्हणजे हवेने धातू ‘खाणे’ अशी सर्वसाधारण समजूत असते, पण खरा खेळ विजेचा आहे. केंब्रिजमधील संशोधक यू. आर. एव्हन्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो एका थेंबात दाखवून दिला. घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि त्यात पोटॅशियम फेरीसायनाइड व फिनॉल्फ्थॅलिन हे दर्शक मिसळायचे. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी. निळा रंग सांगतो की तिथे लोह पाण्यात उतरत आहे. गुलाबी रंग सांगतो की कडेला ऑक्सिजनचे हायड्रॉक्साइड होत आहे. मध्यात सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे वाहतात. मध्य धनाग्र (जिथे धातू झिजतो), कड ऋणाग्र (जिथे तो झिजत नाही), आणि तांबूस गंजाचे वर्तुळ पडते ते या दोहोंच्या मध्ये. म्हणजे गंज दिसतो तिथेच धातू झिजलेला असेल असे नाही.

यात एक उलटे वाटणारे सत्य आहे. ऑक्सिजन पोचतो कडेला, आणि झिजतो मात्र जिथे तो कमी पोचतो तो मध्य. वॉशरखाली, दोन पत्र्यांच्या फटीत, साचलेल्या मातीखाली पोलाद आधी सडते ते याच कारणाने. मात्र पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात: उकळून हवा काढलेल्या पाण्यावर तेलाचा थर दिला, तर आतला खिळा बराच काळ स्वच्छ राहतो. मिठाने पाण्याची वीजवाहकता वाढते, म्हणून समुद्रकाठी सगळेच लवकर गंजते.

एकाच धातूच्या दोन जागांत हे घडते, तर दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की काय होईल? ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मारले, तेही लोखंडी खिळ्यांनी. दोनेक वर्षांनी पाहणी केली तेव्हा तांबे ठणठणीत, पण अनेक खिळे विरघळून गेलेले. पत्र्यांभोवतीचा वेष्टनाचा कागद जिथे चुकून राहिला होता तिथले खिळे शाबूत होते, कारण तिथे तांबे लोखंडाला टेकलेलेच नव्हते. पुढे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये हीच गोष्ट मुद्दाम वापरली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की ते झिजतात आणि तांबे वाचते. तांबे खरेच वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्याचे विष बंद झाल्याने तळावर शिंपले आणि शेवाळ माजले व जहाजे मंदावली. रसायनशास्त्र पास, जहाज नापास. ही ‘बळीच्या धातू’ची युक्ती पोलादी जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना मात्र अचूक लागू पडली. लांब नळमार्गांना बाहेरून वीज देऊन अख्खा नळच ऋणाग्र बनवतात.

दोन धातूंच्या जोडीत क्षेत्रफळाला फार महत्त्व असते. मोठ्या पोलादी पत्र्यात तांब्याचा लहानसा रिव्हेट चालून जाईल. मोठ्या तांब्याच्या पत्र्यातला पोलादी रिव्हेट लवकर संपेल. रंग देताना म्हणूनच चूक होते. एकच बाजू रंगवायची असेल तर झिजणारा धातू नव्हे, तर न झिजणारा रंगवावा. झिजणाऱ्या धातूवरच्या रंगाला टाचणीएवढे भोक पडले, तरी सारा प्रवाह त्या भोकातून जातो आणि तिथे आरपार छिद्र पडते.

काही धातू स्वतःच कवच धरतात. अ‍ॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा पापुद्रा असतो. धनाग्रीकरणाने तो विजेच्या साहाय्याने जाड करतात. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि त्याचा पापुद्रा ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. अट एकच, ऑक्सिजन मिळायला हवा. मिठातला क्लोराइड हा या पापुद्र्यांचा वैरी. त्याने वरून सुईच्या टोकाएवढे आणि आत खोल असे खड्डे पडतात. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो, झाकत नाही आणि मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. काँक्रीटमधली सळई अल्कधर्मी वातावरणात सुरक्षित असते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने ते वातावरण ओसरले किंवा मीठ आत शिरले, की सळई फुगून काँक्रीट फोडते.

सर्वांत फसवे क्षरण ताणाखालचे. ब्रिटिश काळात भारतातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तडकत. ओढून घडवलेल्या पितळेत ताण उरलेला असे आणि तबेल्याजवळच्या हवेतला अमोनिया व दमटपणा उरलेले काम करी. काडतुसे घडवल्यावर मंद तापवून हा ताण काढता येतो. अमेरिकेतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळून ४६ जण मेले. मूळ कारण होते साखळीतल्या एका पोलादी पट्टीत जेमतेम अडीच मिलिमीटर खोल गेलेली चीर. अशा ठिकाणी वजन करून झीज मोजण्यात काहीच अर्थ नसतो.

प्रतिबंधात रंग सर्वांत जास्त वापरात आहे, पण त्याचे आयुष्य बव्हंशी खालच्या तयारीवर ठरते; गंजावर मारलेला रंग काही काळ गंज लपवतो, इतकेच. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवले की झालेला मुलामा ओरखडल्यावरही स्वतः झिजून पोलादाला सांभाळतो. कथिलाच्या मुलाम्याचे उलट आहे: तो अखंड आहे तोवर उत्तम, फुटला की पोलाद अधिक वेगाने गंजते. तेल, ग्रीस, बंद यंत्रणेच्या पाण्यात मिसळायची प्रतिबंधक रसायने, पाणी साचू न देणारी रचना हे उपायही आहेतच.

एकदा गंजलेला धातू परत मिळत नाही. गंज काढता किंवा स्थिर करता येतो. फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असलेली द्रावणे उरलेल्या गंजाचे फॉस्फेट किंवा काळे टॅनेट बनवतात. सायट्रिक आम्लात वस्तू भिजवता येते, पण फार वेळ ठेवली तर आम्ल चांगला धातूही खाते. अवजारांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात वीज सोडणे सोयीचे: गंजलेली वस्तू ऋण टोकाला, साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. हायड्रोजन सुटतो म्हणून हे उघड्यावर करावे, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

काळ्या पडलेल्या चांदीच्या बाबतीत मात्र थोडे परत मिळवता येते. पॉलिशने घासले की सल्फाइडाबरोबर चांदीही जाते. त्याऐवजी भांड्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घालून गरम पाणी व खाण्याचा सोडा टाकावा आणि चांदी फॉइलला टेकवून ठेवावी. सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो, फॉइल झिजते आणि सल्फाइडातली चांदी पुन्हा चांदी होऊन वस्तूवरच राहते. नक्षीच्या खाचांत मुद्दाम ठेवलेला काळेपणाही यात निघून जातो, म्हणून ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नयेत.