खरेदी, नैतिक व शाश्वत (विद्यापीठांतील)

विद्यापीठाने वस्तू किंवा सेवा विकत घेताना दर आणि दर्जा यांच्या जोडीने आणखी दोन गोष्टी पाहणे: ती वस्तू बनवणाऱ्या वा सेवा देणाऱ्या माणसाच्या पदरात काय पडले, आणि वस्तू तयार होण्यापासून भंगारात जाईपर्यंत हवा, पाणी व जमीन यांवर तिचा भार किती. पहिली बाजू नैतिक खरेदीची, दुसरी शाश्वत खरेदीची. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न एकाच फायलीत येतात, म्हणून संज्ञा जोडीनेच वापरली जाते.

ही कल्पना विद्यापीठांत शिरली ती कपड्यांच्या वाटेने. आपल्या विद्यापीठाचे नाव छापलेले टी-शर्ट कोण शिवते आणि किती मजुरीवर, असा प्रश्न अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विचारला. त्यातून १९९८ मध्ये ‘युनायटेड स्टुडंट्स अगेन्स्ट स्वेटशॉप्स’ ही संघटना आणि २००० मध्ये कारखान्यांवर लक्ष ठेवणारी ‘वर्कर राइट्स कन्सॉर्शियम’ उभी राहिली. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ब्रुक्स हे २००३ मध्ये पहिले फेअरट्रेड, म्हणजे चहा-कॉफीसारखा माल पिकवणाऱ्याला रास्त भाव देऊन घेणारे, विद्यापीठ ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी १२.७ हे लक्ष्य सार्वजनिक खरेदीविषयीच आहे, तर आयएसओ २०४०० हे शाश्वत खरेदीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक २०१७ चे.

ठाणे-नवी मुंबईत हा इतिहास जसाच्या तसा लागू पडत नाही. इथल्या कँटीनमध्ये कटिंग चहा चालतो आणि नाव छापलेले टी-शर्ट फेस्टिव्हलपुरते निघतात. बाळकूम येथे मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर आहे. नेरूळ आणि कामोठे येथे अभिमत विद्यापीठे, पनवेलजवळ भाताण येथे खासगी विद्यापीठ. सार्वजनिक विद्यापीठात खरेदी समिती असते आणि शासकीय पद्धतीची निविदा. राज्य शासनाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आणि त्याच वर्षी सुरू झालेले केंद्राचे ‘जेम’ हे सरकारी खरेदीचे ऑनलाइन पोर्टल यांची छाप या पद्धतीवर आहे. खासगी संस्थेत शेवटचा शब्द व्यवस्थापनाचा. तिला मोकळीक जास्त, पण तिने काय घेतले हे बाहेर कळण्याची सोय कमी.

निविदेत तांत्रिक लिफाफा आधी उघडतो, दराचा नंतर. तांत्रिक अटींत बसलेल्यांपैकी सर्वांत कमी दराचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘एल-वन’, काम घेऊन जातो. दर उघडल्यानंतर नैतिकतेला जागा उरत नाही. जे काय मागायचे ते विनिर्देशातच, म्हणजे काय आणि कसे हवे याच्या लेखी तपशिलातच, मागावे लागते, आणि विनिर्देश बहुधा जुन्या फायलीतून उतरवले जातात. छोट्या खरेदीत तीन दरपत्रके मागवतात. तीन लेटरहेड आणि एकच हस्ताक्षर, हा प्रकार कोणत्याही लेखा विभागाला नवा नाही.

सर्वांत मोठा नैतिक प्रश्न वस्तूंपेक्षा सेवांच्या कंत्राटात दडलेला असतो: सुरक्षारक्षक, सफाई, बाग, मेस. या कंत्राटात किमान वेतन ठरलेलेच असते, त्यामुळे स्पर्धा उरते ती फक्त कंत्राटदाराच्या सेवाशुल्कावर, आणि ते शून्याजवळ घसरते. मग कंत्राटदार कमावतो कशातून? भविष्य निर्वाह निधी न भरणे, रजेचा पगार कापणे, आठ तासांच्या पगारात बारा तासांची ड्यूटी, गणवेशाचे पैसे कामगाराकडूनच घेणे, या नेहमीच्या वाटा आहेत. महाराष्ट्रात किमान वेतनातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. तीन वर्षांच्या कंत्राटात त्यानुसार रक्कम वाढवण्याची अट नसेल तर फरकाचा भार हाऊसकीपिंगच्या मावशीच्याच माथी बसतो. कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे विद्यापीठावर येते. म्हणून बिलासोबत मागील महिन्याचा भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा भरल्याची चलने आणि बँकेतून पगार दिल्याची यादी मागणारी एक ओळ करारात असली, तर ती अनेक हरित घोषणांपेक्षा जास्त काम करते. मात्र ती चलने कुणीतरी वाचायला हवीत.

वस्तूंच्या बाबतीत हिशेब आयुष्यभराच्या खर्चाचा असतो. २००६ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन उपलब्ध आहे. कमी ताऱ्यांचा एसी खरेदीत स्वस्त आणि वीजबिलात महाग. अडचण अशी की, खरेदीचे अंदाजपत्रक एका विभागाचे आणि वीजबिल दुसऱ्याचे. ठाणे खाडीच्या दमट, खारट हवेत पातळ पत्र्याची कपाटे लवकर गंजतात, तेव्हा पत्र्याची जाडी आणि पावडर कोटिंग विनिर्देशात लिहिणे हीसुद्धा शाश्वत खरेदीच. राज्यातील २०१८ च्या प्लास्टिकबंदीने थर्माकोलच्या ताटल्या गेल्या. सत्कारातली प्लास्टिकच्या वेष्टनातली पुष्पगुच्छे आणि कुणाच्याच घरात न मावणारी स्मृतिचिन्हे मात्र टिकून आहेत.

एखादी वस्तू घेणेच थांबवणे, हा या विषयातला सर्वांत सरळ उपाय. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी पूर्वी बेडकांची खरेदी होई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद करण्याचे निर्देश दिले आणि ती मागणी प्रतिकृती व संगणकीय संचांकडे वळली. रसायनशास्त्रात सूक्ष्मप्रमाण प्रयोगांमुळे रसायने कमी लागतात आणि उरलेल्या टाकाऊ द्रावांचा प्रश्नही आटोक्यात राहतो. तळोजा औद्योगिक क्षेत्रात धोकादायक कचऱ्याच्या विल्हेवाटीची सामाईक सोय आहे, पण तिथवर गाडी पाठवण्याचा खर्च मूळ मागणीपत्रात सहसा नसतो.

जवळून घेणे हा आणखी एक निकष. मेसच्या भाजी-धान्यासाठी वाशीची बाजार समिती हाकेवर आहे, छपाई व फर्निचरसाठी वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. जवळचे म्हणजे आपोआप न्याय्य असे मात्र नव्हे. बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण आहे. तीच पोती विद्यापीठाच्या कोठारात उतरवणाऱ्याला ते असेलच असे नाही. महिला बचत गटांना कँटीन किंवा फाइल-पिशव्यांचे काम देण्याची इच्छा अनेकांना असते, पण अनामत रक्कम आणि मागील तीन वर्षांच्या उलाढालीची अट त्यांना दारातच अडवते. केंद्राच्या २०१२ च्या धोरणाने सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामतीतून सूट दिली. तशी सूट आपल्या निविदेत घेणे विद्यापीठाच्या हातात आहे.

खरेदीची फाइल बंद होते ती निर्लेखनाने, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकण्याने. जडवस्तू नोंदवहीतून संगणक कमी करताना तो नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांच्याकडेच गेला पाहिजे; मोठ्या ग्राहकांवर ई-कचरा नियम, २०२२ अन्वये हे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आहे. लिलावात मात्र भंगारवाल्याची बोली बहुधा जास्त असते, आणि तिथे नियम उलटा चालतो: सर्वांत मोठा दर देणारा संगणक घेऊन जातो. विकत घेतानाच उत्पादकाकडून परत नेण्याची अट घातली असेल तर हा लिलाव होत नाही.