डॉसबॉक्स

डॉसबॉक्स म्हणजे एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचे गेम आणि सॉफ्टवेअर आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर. विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत १९८० ते १९९५ च्या आसपासचा अख्खा पीसी चालू होतो, प्रोसेसर, साउंड कार्ड, व्हीजीए स्क्रीन, सगळ्यासकट. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि मुख्य म्हणजे एमएस-डॉसची कॉपी वेगळी आणावी लागत नाही, डॉसचं काम करणारा भाग त्याच्या आतच लिहिलेला आहे. सुरू केला की काळ्या स्क्रीनवर झेड ड्राइव्हचा प्रॉम्प्ट येतो आणि कर्सर लुकलुकत बसतो, पुढचं सगळं कमांड टाइप करून.

मुळात याची गरज का पडली ते आधी बघू. डॉस १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर आलं, तेव्हा प्रोसेसर होता ८०८८ आणि स्पीड ४.७७ मेगाहर्ट्झ. विंडोज ९५ आणि ९८ च्या पोटातही डॉस होतंच, त्यामुळे तोपर्यंत जुने प्रोग्राम बऱ्यापैकी चालायचे. २००१ ला एक्सपी घरोघरी आलं, ते डॉसवर नाही तर विंडोज एनटी या वेगळ्या विंडोजच्या पायावर बांधलेलं, तिथे डॉसचे प्रोग्राम एनटीव्हीडीएम नावाच्या एका थरातून चालायचे आणि गेमचा आवाज गायब, स्क्रीन फाटलेली असे प्रकार व्हायचे. मग ६४-बिट विंडोज आलं आणि तो थरही गेला, कारण प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की त्याचा व्हर्च्युअल ८०८६ मोड, म्हणजे जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखं वागायची सोय, वापरताच येत नाही, आणि एनटीव्हीडीएम नेमका त्याच्यावर उभा होता. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येतं. म्हणजे आज डॉसची फाइल डबल क्लिक केली तर हे ॲप या पीसीवर चालणार नाही असा मेसेज येतो आणि विषय संपतो.

आतून काय चालतं

डॉसचं वेगळेपण असं की त्याचे प्रोग्राम डॉसला फारसं विचारायचेच नाहीत. फाइल उघडायला, सेव्ह करायला डॉस, बाकी स्क्रीन, कीबोर्ड, टायमर, साउंड कार्ड यांच्याशी प्रोग्राम स्वतः थेट बोलायचा, कारण डॉसमधून गेलं तर सगळं हळू व्हायचं. ३२० बाय २०० पिक्सेल आणि २५६ रंग हा त्या काळातल्या गेमचा लाडका मोड, त्यात मेमरीच्या एका ठरलेल्या पत्त्यावर एक बाइट लिहिला की स्क्रीनवर एक ठिपका रंगतो, मध्ये कोणीही नाही. म्हणून नुसती ऑपरेटिंग सिस्टिमची नक्कल करून भागत नाही, मशीनचीच नक्कल करावी लागते, त्या पत्त्यावर काही लिहिलं गेलं तर ते पकडून खिडकीत ठिपका काढायचा, अमुक पोर्टवर आकडा आला तर साउंड कार्डाने काय केलं असतं ते करायचं. मला वाटतं डॉसबॉक्सची खरी कमाल इथे आहे, प्रोग्रामला शेवटपर्यंत कळतच नाही की खाली खरं लोखंड नाहीये.

एक बारीक गोष्ट याच मोडची. ३२० बाय २०० चं चित्र जुन्या ४:३ मॉनिटरवर उभं ताणलेलं दिसायचं, म्हणजे तो पिक्सेल चौकोनी नव्हता, थोडा उंच होता. आज तसंच्या तसं दाखवलं तर गोल चेंडू चपटा दिसतो आणि माणसं बुटकी दिसतात. सेटिंगमध्ये ॲस्पेक्ट चालू केलं की उंची १.२ पट होते आणि चित्र काढणाऱ्याने जसं काढलं होतं तसं दिसतं. बरेच जण हे चालू करतच नाहीत, करायला हवं.

स्पीडचं प्रकरण तर सगळ्यात महत्त्वाचं. जुने कितीतरी गेम मशीनच्याच वेगावर बेतलेले, लूप जितक्या भरभर फिरेल तितक्या भरभर शत्रू पळणार, त्यामुळे वेगवान मशीनवर गेम सुरू होतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. आणि हे फक्त गेमपुरतं नाही. टर्बो पास्कल या जुन्या कंपायलरमध्ये लिहिलेले असंख्य प्रोग्राम पेंटियम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेल्यावर उघडताक्षणी रनटाइम एरर २०० देऊन बंद पडायला लागले. कारण असं, त्यातलं सीआरटी नावाचं युनिट सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजायचं, टायमरच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, लूप किती वेळा फिरला ते मोजून ५५ ने भागायचं, आणि मशीन इतकं वेगवान झालं की उत्तर १६ बिटांत मावेना, प्रोसेसर भागाकाराची एरर द्यायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक काहीच नाही, दुकानांचे हिशोब ज्यांवर चालत होते ते प्रोग्राम निव्वळ नवीन पीसी घेतला म्हणून बंद पडले.

यावर डॉसबॉक्सचं उत्तर म्हणजे सायकल्स. एका मिलिसेकंदात प्रोसेसरच्या किती सूचना चालवायच्या तो हा आकडा, रिअल मोडच्या, म्हणजे डॉसच्या मूळ साध्या पद्धतीने चालणाऱ्या प्रोग्रामला तो आपोआप ३००० असतो, म्हणजे सेकंदाला तीस लाख. कंट्रोल एफ ११ दाबलं की कमी होतो, कंट्रोल एफ १२ ने वाढतो, गेम चालू असतानाच. अगदी जुना गेम असेल तर खाली आणायचा, १९९४-९५ चा थ्रीडी गेम असेल तर आकडा मॅक्स करून टाकायचा. प्रत्येक गेमला त्याचा वेग शोधून द्यावा लागतो आणि त्याला शॉर्टकट नाही, चालवून बघायचं आणि हाताला बरोबर लागेल तिथे थांबायचं.

वापरताना

खऱ्या हार्ड डिस्कला डॉसबॉक्स आपणहून हात लावत नाही. आपण एक फोल्डर दाखवायचं, माउंट कमांड देऊन सांगायचं की हाच तुझा सी ड्राइव्ह, मग आतल्या प्रोग्रामला फक्त तेवढंच जग दिसतं. अख्खा खरा सी ड्राइव्ह माउंट करू नये, जुना एखादा इन्स्टॉलर किंवा डिलीटची कमांड खऱ्या फाइलींवर चालेल. फाइलींची नावं आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं अशीच दिसतात, लांब नाव असेल तर ते कापून शेवटी चिन्ह आणि आकडा लागतो. बाहेरून विंडोजमध्ये त्या फोल्डरात नवीन फाइल टाकली तर आत लगेच दिसत नाही, कंट्रोल एफ ४ दाबावं लागतं, नवीन माणूस इथे हमखास अडकतो. रोज रोज कमांड टाइप करायच्या नसतील तर कॉन्फिग फाइलच्या शेवटी ऑटोएक्झेक नावाचा भाग आहे त्यात लिहून ठेवायच्या.

आवाजासाठी गेमचा सेटअप प्रोग्राम आधी चालवायचा आणि साउंड ब्लास्टर निवडायचं, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. खऱ्या डॉसच्या जमान्यात हे आकडे जुळवताना आणि ६४० केबी मेमरीतली जागा मोकळी करताना लोकांच्या संध्याकाळी जायच्या, इथे ते आयतं मिळतं.

टर्बो सी आणि आपली कॉलेजं

आपल्याकडे डॉसबॉक्स गेममुळे जेवढा माहीत झाला त्याहून जास्त टर्बो सी++ मुळे झाला असेल. बोर्लंडचा हा कंपायलर, ३.० व्हर्जन १९९० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीचं, महाराष्ट्रातल्या डिप्लोमा, इंजिनीअरिंग, बीसीएच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालत राहिला, बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सलाही सी++ आहेच. लॅबचे पीसी ६४-बिट झाले तेव्हा टर्बो सीची निळी स्क्रीन उघडेना, आणि मग डॉसबॉक्समध्ये गुंडाळलेली टर्बो सीची पॅकेजं पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरली, पुष्कळ मुलांना तर आपण एम्युलेटर वापरतोय हेही माहीत नसायचं.

आणि इथे एक खास अडचण आहे. टर्बो सीमध्ये प्रोग्राम रन करायचा म्हणजे कंट्रोल एफ ९, हे सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलेलं असतं. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ ९ म्हणजे डॉसबॉक्स बंद. म्हणजे मुलगा अर्धा तास बसून प्रोग्राम टाइप करतो, रनसाठी बोटं सवयीने जातात आणि खिडकीच नाहीशी होते, सेव्ह केलं नसेल तर सगळं गेलं. उपाय दोन आहेत. ऑल्ट आर दाबून रन मेनू उघडायचा आणि तिथून रन करायचं, किंवा कंट्रोल एफ १ ने कीमॅपर उघडून शटडाउनची की बदलून टाकायची. आणि एफ २ ने सेव्ह करत राहायचं, ते तर कुठेही.

हा कंपायलर इतका टिकला त्याचं एक मोठं कारण ग्राफिक्स. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला ब्रेझनहॅमच्या पद्धतीची रेघ, वर्तुळ वगैरे काढायला इनिटग्राफ हे ग्राफिक्स सुरू करणारं फंक्शन लागतं, ते बोर्लंडच्या बीजीआय या ग्राफिक्स ड्रायव्हरवर चालतं आणि नवीन कंपायलरमध्ये ते येत नाही. ड्रायव्हरचा पत्ता मात्र डॉसबॉक्सच्या आतल्या सी ड्राइव्हप्रमाणे द्यायचा, विंडोजमधला नाही, हे चुकलं की ग्राफिक्स इनिशियलाइझ झालं नाही अशी एरर येणारच. पण सी++ शिकायला म्हणून आज हा वापरू नये असं माझं ठाम मत आहे. सी++ चं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं, हा त्याच्या कितीतरी आधीचा, इंट, म्हणजे पूर्णांक, १६ बिटांचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की उणे ३२७६८, आणि मुलं हेच सी++ समजून इंटरव्ह्यूला जातात.

कोणी केला, पुढे काय झालं

पीटर व्हीनस्ट्रा आणि श्योर्ड फान डर बर्ग या दोन डच प्रोग्रामरनी विंडोज २००० मध्ये डॉसचा सपोर्ट किती कमी केलाय ते बघून हे काम हाती घेतलं, पहिलं व्हर्जन २००२ चं. ०.७४ आलं २०१० ला आणि ०.७४-३ हे २०१९ चं. मूळ प्रोजेक्ट संथ असला तरी त्यातून फांद्या भरपूर फुटल्या. डॉसबॉक्स स्टेजिंगमध्ये चित्र आणि आवाजावर खूप काम झालंय, आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने सरळ तोच घ्यावा, डॉसबॉक्स-एक्स मध्ये विंडोज ९५ सुद्धा चढवता येतं. जुने गेम विकणारी पोलंडची जीओजी २००८ पासून डॉसचे गेम डॉसबॉक्ससकट पॅक करून देते. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत दोन हजारांहून जास्त डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळायला ठेवले, तेही डॉसबॉक्सच, जावास्क्रिप्टमध्ये उतरवलेला.

कायद्याचं म्हणाल तर एम्युलेटर वापरण्यात काही गैर नाही, पण कंपनी बंद पडली म्हणून गेम फुकट झाला असं होत नाही, कॉपीराइट राहतोच. एमएस-डॉसच्या १.२५ आणि २.० चा सोर्स मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एमआयटी लायसन्सखाली खुला केला, ४.०० चा २०२४ मध्ये. खरंखुरं डॉसच हवं असेल तर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं फ्रीडॉस आहे.

धंद्याच्या कामासाठी, म्हणजे फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधला जुना हिशोब वगैरे, मूळ डॉसबॉक्स वापरू नका. तो गेमसाठी बनवलाय असं बनवणारेच सांगतात, प्रिंटर त्यात नाही आणि नेटवर्कवर एकाच फाइलीत दोघांनी लिहिलं तर डेटाचा भरवसा नाही. त्यासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस बघावं, त्यांत प्रिंटिंग आहे.

डॉसमधलं मराठी

इथे मात्र एम्युलेटर तोकडा पडतो. डॉसवर देवनागरी दाखवायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड असायचं, मूळ काम आयआयटी कानपूरचं, पीसीच्या स्लॉटमध्ये बसवायचं की साध्या टेक्स्ट मोडच्या प्रोग्राममध्येही मराठी उमटायचं. त्याची नक्कल डॉसबॉक्समध्ये नाही. त्यामुळे जुन्या फ्लॉपीवरची मराठी फाइल उघडली तर देवनागरीऐवजी चौकटीच्या रेघा आणि युरोपीय अक्षरं दिसतात, कारण इस्की या भारतीय कोडमध्ये देवनागरी १२८ च्या वरच्या आकड्यांत बसवलेली आहे आणि साधा पीसी त्याच आकड्यांना आपली चिन्हं दाखवतो. क चा आकडा १७९, पीसीवर १७९ म्हणजे नुसती उभी रेघ. फाइल खराब झाली समजून लोक अशा फ्लॉप्या टाकून देतात, ते करू नका, आतला मजकूर शाबूत असू शकतो. १.४४ एमबीची फ्लॉपी असेल तर आधी तिची इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल, काढा, ती बरोबर १४,७४,५६० बाइटची व्हायला हवी, मग फाइल बाहेर काढून इस्कीचं युनिकोड करा. युनिकोडचा देवनागरी भाग १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलाय, त्यामुळे बहुतेक अक्षरं एकास एक बदलतात, पण लागोपाठ दोनदा आलेला हलन्त, हलन्तानंतरचा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा काही जागा कन्व्हर्टरमध्ये वेगळ्या हाताळाव्या लागतात.